घरापासून दोन चौकोन

११ ऑगस्ट, सोमवार

रोबोटचा खोका आज कपाटावरून खाली काढला. वर्षभर तिथंच पडून होता. उंदरांनी एक कोपरा कुरतडलाय, पण आतलं सगळं शाबूत. नसतं शाबूत तर सुटलो असतो, असं मनात आलं आणि माझी मलाच चीड आली.

मुख्याध्यापक म्हणाले, "शिळीमकर, गेल्या वर्षी आपण रोबोट स्पर्धेतून नाव मागं घेतलं ते ठीक. यंदाही घेतलं तर संस्थेला काय तोंड दाखवू?" मी म्हटलं दुसऱ्या कुणाला द्या. ते म्हणाले, दुसरं कोण आहे? खरंच आहे म्हणा. घाटाकडच्या या शाळेत विज्ञान शिकवणारा मी एकटा, आणि मराठीच्या सरांना मोबाईलवर फोटो पाठवायचा तरी पोरं लागतात.

यंदाच्या खेळाचं नाव 'कापणी'. नियमांची चोपडी दोनदा वाचली. बारा फुटांचं चौरस मैदान, खाली फोमचे दोन-दोन फुटांचे चौकोन. त्यात चोवीस पिवळे ठोकळे, त्यांना पेंढ्या म्हणायचं. तीन कणग्या. बुटकीत ठोकळा टाकला की एक गुण, मधलीत तीन, उंच कणगीत पाच. पहिले तीस सेकंद पोरांनी रिमोट खाली ठेवून हात मागं बांधायचे, रोबोटनं आपल्या प्रोग्रामवर चालायचं. मग दीड मिनिट पोरं चालवणार. शेवटचे पंधरा सेकंद उरले की घंटा होते. त्याच्या आत रोबोट मधल्या काळ्या ठिपक्यावर आणून उभा करायचा, त्याला म्हणे खळं म्हणायचं, आणि पुन्हा हात मागं. तिथून त्यानं एकट्यानं आपल्या घराच्या चौकोनात परत यायचं. चारही चाकं घरात तर वीस गुण. एक चाक बाहेर तरी शून्य.

ठोकळे बदलतात, कणग्या बदलतात, पण हे घरी परतण्याचं कलम दरवर्षी तसंच असतं. गेल्या वर्षीही होतं.

१८ ऑगस्ट, सोमवार

आज दहावीच्या वर्गात हजेरी घेत होतो. बावीस म्हटलं. मग तेवीस म्हटलं. तेवीस नंबर कुमार मरगळेचा होता. तो जाऊन वर्ष उलटलं, हजेरीपटावरून नाव गेलं, नंबरसुद्धा कुणाला दिला नाही. तरी तोंडातून गेलं. आणि तेवीस म्हणताच आवाज आला, "हजर, सर."

अख्खा वर्ग गार. पुढच्या बाकावरचा गेनू तर पांढराफटक पडला. मी ओरडलो, "कोण रे तो शहाणा?" कुणी मान वर करेना. पट्टी आपटली. काही उपयोग नाही. आवाज पोरांचा नव्हताच, पातळ होता. दाराशी बघतो तर आठवीतली मोहिनी उभी, खडूची पेटी न्यायला आलेली. कुमारची धाकटी बहीण. तिच्यादेखत हे झालं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं मात्र पेटी घेतली आणि शांतपणे गेली.



१९ ऑगस्ट, मंगळवार

लिहूनच टाकतो. वही माझी आहे, बायको रत्नासुद्धा उघडत नाही.

गेल्या वर्षी अठरा जुलैला कुमारला मी थांबवून घेतलं होतं. साडेचारला शाळा सुटली, गेनू आणि बाकीचे गेले. आमचा रोबोट घराच्या चौकोनात नीट येईना म्हणून मी कुमारला म्हटलं, अजून एकदा. त्याच्या उंबरमाळाकडं जाणारी शेवटची एसटी साडेपाचची. ती गेली. बाहेर पाऊस धो धो. मी म्हटलं, अजून एकदा. सहा वाजून गेल्यावर रोबोट एकदाचा घरात आला आणि पोरगं नाचलं. मग मी त्याला सोडलं. तो वाडीच्या आडवाटेनं गेला. ओढ्याच्या साकवावर, लाकडी पुलावर, पाणी आलेलं होतं. दुसऱ्या दिवशी खाली करंजाच्या झाडाशी सापडला.

मुख्याध्यापकांनी फोनवर विचारलं, "कितीला सुटला तो?" मी म्हटलं, "साडेचारला, सगळ्यांबरोबर." तोंडातून निघून गेलं. विचार करून बोललो नाही. पण मग पोलीस पाटलांनी तेच लिहून घेतलं, पंचनाम्यात तेच आलं, आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली ती आजतागायत.

साडेचारला सुटलेलं पोर अंधार पडेस्तोवर ओढ्याला काय करत होतं? सगळ्या खोऱ्यानं ठरवलं, खेकडे धरत होतं. दप्तरात प्लास्टिकची मोठी पिशवी सापडली ना. आषाढात ओढ्याकाठी पिशवी घेऊन फिरणारं पोर खेकड्यांसाठीच फिरतं, इथं शेंबड्या पोरालाही कळतं.

ती पिशवी मी दिली होती. वही भिजू नये म्हणून.

२ सप्टेंबर, मंगळवार

मोहिनीनं संघात नाव दिलं. मी म्हटलं, घरच्यांना विचारलंस का? म्हणाली, "इचारलंय. आई नको म्हनली, आबा काय बोललं न्हाईत." मी म्हटलं, मग नको. तर तिथंच उभी राहिली, हलायला तयार नाही. "सर, दादाला येत व्हतं ते मला बी येतंय. त्यो घरी आल्यावर मला समदं सांगायचा." शेवटी घेतलं. नाही कुठल्या तोंडानं म्हणणार?

पोरगी हुशार आहे, कुमारपेक्षा काकणभर जास्तच. तो मस्तीखोर होता, ही बोलतच नाही. लॅपटॉप उघडून त्याचे जुने प्रोग्राम एकेक करून वाचत बसते. आज अर्धा तास एकाच ठिकाणी बघत होती. मग विचारलं, "सर, या लॅपटॉपचं घड्याळ बरोबर हाये का?"

मी म्हटलं, "अगदी बरोबर. का गं?"

"न्हाई, सहजच," म्हणाली.

काहीही विचारतात पोरं. पण बरं वाटलं, हिला बारकावे दिसतात. प्रोग्राममध्ये वेळेलाच सगळी किंमत. मोटर सेकंदभर जास्त फिरली की रोबोट भिंतीवर.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

पितृपक्ष चालू आहे. मोहिनीला सहज विचारलं, घरी पान वाढलं का? न विचारतो तर बरं होतं.

म्हणाली, "आई वाढीत न्हाई दादाला. आजोबाला वाढती."

 ती स्क्रू आवळत बोलत राहिली. "त्या दिशी म्हस व्यायला झाली व्हती. आबा भोरला गेलं व्हतं. आई म्हनली व्हती, कुमार, शाळा सुटली की पळत ये, मी एकलीच हाये. रेडकू अडलं, म्हस मेली. आई म्हनती, ज्याला आईपरीस खेकडं ग्वाड लागलं त्याला म्या जेवाय का वाढू?"

सगळं असं सांगितलं, जसं दुसऱ्या कुणाच्या घरचं. मी बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरलं.

कुमार मला म्हणाला होता. मी हे पण लिहायला पाहिजे. "सर, म्हस व्यायला झालीय, जाऊ का?" तीनदा म्हणाला. आणि मी हसून म्हटलं, "म्हैस काय पळून जातीय का? अजून एकदा."

४ ऑक्टोबर, शनिवार

शनिवार-रविवारसाठी वरव्याला, माझ्या गावी, घरी आलोय. सकाळी रत्ना चहा देताना म्हणाली, "तुम्ही झोपेत 'अजून एकदा' म्हणता. काय अजून एकदा?"

मी म्हटलं, "रोबोटचं असेल."

तिनं कप ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. वीस वर्षांचा संसार आहे, बाईला काय कळत नसेल? दुकानात मी साखर कागदातच बांधून मागतो हे तिनं कधीच टिपलंय. प्लास्टिकची पिशवी हातात घ्यायचं होत नाही मला. दुकानदार समजतो, मास्तर पर्यावरणवाले आहेत. एकदा तर त्यानं माझं कौतुक केलं चार लोकांत.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळीच्या सुट्टीत रोबोट घरी नेऊ का, असं मोहिनीनं विचारलं. उंबरमाळावर वीज असते-नसते, पण बॅटरी भरून नेली तर चार दिवस पुरते. मी परवानगी दिली. "खेळाला जागा कुठं आहे तुमच्याकडं?"

"अंगण हाये की सर. आई शेनानं सारवती, गुळगुळीत व्हतं. तुमी कवा बघितलं न्हाई आमचं अंगण."

बघितलेलं नाहीच. अंत्यविधीला लांबूनच हात जोडून आलो होतो. त्यानंतर मोहिनीची आई साळूबाई एकदा शाळेत दाखला न्यायला आल्या तेव्हा मी मागच्या दारानं प्रयोगशाळेत जाऊन बसलो होतो. शिपाई मला शोधत फिरला.

५ नोव्हेंबर, बुधवार

पोरीनं कमाल केलीय. चार ठोकळे पहिल्या तीस सेकंदांत, तेही मधल्या कणगीत! गेनू रिमोटवर आणखी आठ टाकतो. मी म्हटलं, शाब्बास, आता घरी येऊ दे.

घंटा वाजवली. रोबोट खळ्यावर उभा. पोरांनी हात मागं बांधले. रोबोट वळला, घराकडं निघाला, आणि घरापासून दोन चौकोन अलीकडं थांबला.

पुन्हा केलं. तिथंच. सात वेळा केलं, सातही वेळा दोन चौकोन अलीकडं. थांबला तरी मोटरचा बारीक आवाज येतच राहतो, कण्हल्यासारखा. वाकून ऐकलं. मला वाटलं म्हणतोय, सर, जाऊ का?

मी तिथून उठलो आणि पोरांना म्हटलं, आजचं बास. पावणेपाच झाले होते. हल्ली मी कुणालाही पाचच्या पुढं थांबवत नाही. गेनू कुरकुरतो, मी ऐकत नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

चाकं बदलली, बॅटरी बदलली, मोटरची तार बदलली. थांबतो तिथंच.

मोहिनीला म्हटलं, परतीचा प्रोग्राम नव्यानं लिही. म्हणाली, "दादाचाच हाये सर. त्याचा शेवटचा. म्या नुसती वेळ तेवढी अंगनात चालवून बसवली. अंगनात बरोबर घरात येतोय."

अंगणात येतो आणि शाळेत येत नाही! मी विज्ञानाचा शिक्षक. मुलांना सांगतो, भूतबित काही नसतं, प्रत्येक गोष्टीला कारण असतं. आज पोरं गेल्यावर त्या दोन रिकाम्या चौकोनांकडं बघत उभा राहिलो आणि अंगावर सरसरून काटा आला. उजेड होता चांगला. मैदानावर पोरं कबड्डी खेळत होती. तरी आला.

"ये ना रे," असं मी मोठ्यानं म्हणालो. रोबोटला. शिपाई झाडू घेऊन दारात उभा होता, त्यानं ऐकलं. काय समजायचं ते समजो.

२ डिसेंबर, मंगळवार

गेनूनं शनिवारीच कारण काढलं. मला काढता आलं नाही याचं वाईट वाटायला हवं, पण हसूच आलं. तो म्हणाला, "सर, मरगळ्यांचं अंगन उताराला हाये. वरून सोडलं की चेंडू थेट गोठ्यात. त्यात ते सारवल्यालं. तितं रोबोट घसरतच जात असंल. तेवढीच सेकंदं हितं फोमवर कशी पुरतील?"

बरोबर आहे. सपाट फोमवर दीडपट वेळ मोटर फिरायला पाहिजे. साधं गणित. शहरातल्या पोरांना फरशी मिळते, आमच्या पोरीनं शेणाच्या अंगणावर रोबोटला चालायला शिकवलं.

मोहिनीला म्हटलं, वेळ वाढव. म्हणाली, "व्हय सर." तीन दिवस झाले, वाढवली नाही. विचारलं तर म्हणते, "तुमी आमच्या अंगनात येऊन बघा, मंग वाढवती. तितनं किती कमी पडतंय ते मोजाय पायजे."

मोजायची काही गरज नाही. हट्टी आहे झालं.

१३ डिसेंबर, शनिवार

जिल्हा फेरी झाली. नसरापूरजवळच्या एका कॉलेजात होती. चाळीस संघ. आमच्या जोडीला वेल्ह्यातल्या पासलीचा संघ आला, कारण हा खेळ दोन-दोन संघांनी मिळून खेळायचा असतो. पासलीची पोरं भाताच्या खाचरातून थेट आल्यासारखी, पण उंच कणगी त्यांनी भरून काढली. आमची चार पेंढ्यांची सुरुवात बघून तर पुण्याचे पालक खुर्चीतून उठले. आणि घंटा झाल्यावर आमचा रोबोट, दोन चौकोन अलीकडं. पाच सामने, पाचही वेळा. शंभर गुण गेले. तरी दहावे आलो, आणि दहाच संघ जानेवारीत पुढं जाणार. गेनूनं मला उचलायचा प्रयत्न केला.

पण लिहायचं ते वेगळंच आहे.

दुपारी परीक्षकांची मुलाखत होती. एक तरुण बाई, गळ्यात शेफाली नावाची पट्टी. चांगली होती, पोरांशी गोड बोलत होती. लॅपटॉपवर प्रोग्रामची यादी बघता बघता म्हणाली, "हा परतीचा जुना प्रोग्राम कुणाचा? गेल्या वर्षीचा, अठरा जुलै. शेवटचा जतन केलाय संध्याकाळी सहा वाजून एकवीस मिनिटांनी. बापरे, एवढ्या उशिरापर्यंत शाळेत असता तुम्ही?"

मोहिनी म्हणाली, "माज्या दादाचा हाये. सरांना इचारा."

परीक्षक बाई हसत माझ्याकडं वळल्या.  मी म्हटलं, "लॅपटॉपचं घड्याळ चुकत असेल."

मोहिनीनं मान वर केली. सव्वातीन महिन्यांत पहिल्यांदा ती माझ्या डोळ्यांत बघून बोलली. "सर, तुमीच म्हनला व्हता, अगदी बरोबर हाये."

एवढंच. परीक्षक बाईंना काही कळलं नाही, त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. गेनूनं मात्र एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि खाली बघितलं. साडेचारला तो घरी निघाला तेव्हा कुमार माझ्याजवळ होता, हे गेनूला पहिल्यापासून माहीत होतं. मला ते आज कळलं. एवढंसं पोर दीड वर्ष मास्तरचं खोटं पोटात घेऊन फिरतंय, आणि मी रोज त्याला मूल्यशिक्षण शिकवतोय.

परतीच्या टेम्पोत मोहिनी माझ्यासमोर बसली होती. मी विचारलं, "तुला सप्टेंबरपासून माहीत होतं?"

"व्हय."

"मग घरी का नाही सांगितलंस?"

"म्या सांगून काय उपेग? आई म्हनंल, भावाला पाठीशी घालती." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुमी या. वेळ वाढवाय मला पाच मिन्टं लागत्यात, सर. पन तुमी या."

१५ डिसेंबर, सोमवार

मुख्याध्यापकांना लेखी दिलं. अर्धं पान. कितीला सोडलं, पिशवी कुणी दिली, पंचनाम्यात काय खोटं सांगितलं. एक प्रत पोलीस पाटलांकडं द्यायला पाकिटात घातली.

त्यांनी वाचलं आणि घाम पुसला. "शिळीमकर, मढी कशाला उकरताय? पोरगं परत येणार आहे का? तुमची नोकरी, शाळेचं नाव, जानेवारीतली फेरी. जरा डोकं थंड ठेवा."

मी म्हटलं, "सर, माझं डोकं दीड वर्ष थंडच आहे. गोठलंय."

त्यांनी कागद खणात ठेवला. फाडला नाही, शिक्का मारला नाही. माणूस वाईट नाही, घाबरट आहे. माझ्याइतका नसेल.

रत्नाला फोनवर सगळं सांगितलं. ती रडली, रागावली, म्हणाली, "एवढे दिवस शेजारी झोपत होते मी तुमच्या." मग म्हणाली, "उद्या जा. आणि त्या बाईसमोर रडू नका. तिच्यापुढं रडायचा हक्क नाही तुम्हाला."

१६ डिसेंबर, मंगळवार

ओढ्याच्या अलीकडं दगडावर बसून लिहितोय. ऊन आहे अजून. 

दुपारी एसटीनं फाट्यापर्यंत गेलो, तिथून चालत उंबरमाळ. मोहिनी रोबोटचा खोका डोक्यावर घेऊन पुढं, मी मागं. साकव आता सिमेंटचा झालाय. पाणी घोट्याइतकं. मी तिथं उभा राहायला गेलो तर ती म्हणाली, "चला सर, आबा गुरं घिऊन चार वाजता येत्यात."

सात घरांची वाडी. कुमारचं घर शेवटचं, दरीच्या कडेला. अंगण खरंच उतारावर, सारवलेलं, कडेला गोठा. साळूबाई नाचणी पाखडत होत्या. मला बघून पदर सावरला, लगबगीनं घोंगडं अंथरलं. "या, या, मास्तर. कवाधरनं पोरगी म्हनत व्हती, सर येनार हायेत." ताक आणायला आत निघाल्या. मी म्हटलं, ताक नको, बसा. मोहिनीचे वडील रोहिदास गुरं बांधून आले, नमस्कार घातला. मला नमस्कार घातला त्या माणसानं.

मोहिनी खोका न उघडता उंबऱ्यावर बसली.

मी सांगितलं. वाटेत वाक्यं जुळवली होती, एकही आठवलं नाही. म्हटलं, "कुमार साडेचारला सुटला नव्हता. मी थांबवून घेतला होता. सव्वासहाच्या पुढं सोडला. म्हैस व्यायला झालीय, जाऊ का, म्हणून तीनदा विचारलं त्यानं मला. मी जाऊ दिलं नाही. पिशवी मी दिली, वहीसाठी. तो खेकड्याला गेला नव्हता. तो तुमच्याकडंच पळत येत होता, आणि मी सगळ्यांना खोटं सांगितलं."

सूप साळूबाईंच्या मांडीवर तसंच होतं. त्या शिव्या देतील, माती फेकतील, असं मला वाटलं होतं. मला ते हवंही होतं, लिहायला लाज वाटते पण हवं होतं. त्यांनी सूप खाली ठेवलं. मग विचारलं,

"खाल्लं व्हतं का त्यानं काय?"

मला समजलंच नाही आधी.

"सांच्यापतुर ठिवला म्हनता. डब्यातली भाकर बाराची. मंग काय दिलं व्हतं का त्याला खायला?"

मी त्या दिवशी चहा मागवला होता. एक कप. माझ्यासाठी.

"नाही," म्हणालो.

"उपाशीच आलं म्हंजी पळत," त्या म्हणाल्या. "माजं लेकरू उपाशी आलं आन म्या सालभर त्याला जेवाय वाढलं न्हाई." आणि त्यांनी जो हंबरडा फोडला तो मला मरेपर्यंत ऐकू येणार आहे. मोहिनी धावली, आईला धरून बसली. तीही रडत होती, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखी. आठवीतलीच तर आहे. मी विसरलो होतो.

रोहिदास उठले. वाटलं, आता मला मारणार. ते माझ्या अंगावरून गेले, अंगणाच्या टोकाला, जिथून पलीकडच्या डोंगरावरच्या वाड्या दिसतात. डोंगरातली माणसं गुराढोरांसाठी, मयतीसाठी, बाळंतपणासाठी या डोंगरावरून त्या डोंगराला हाळी देतात. त्यांनी तोंडाशी हात धरले.

"आयकाऽऽ! माजा कुमार खेकडं धराया गेला न्हवताऽऽ! आयकाऽऽ!"

पलीकडं गुरं वळणारं कुणीतरी थांबलं. रोहिदासांनी पुन्हा तेच हाळलं. तिसऱ्यांदा आवाज फाटला. पलीकडून बारीक हाळी आली, "मंग कुठं व्हता त्योऽऽ?"

रोहिदासांनी हात खाली केले. त्यांनी मागं वळून माझ्याकडं बघितलं. जा नाही म्हणाले, ये नाही म्हणाले.

मी उठलो.  त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. वीस वर्षं वर्गात ओरडतोय, पण डोंगराला ऐकू जाईल असं कधी ओरडलो नव्हतो. पहिल्यांदा नुसतीच हवा निघाली. दुसऱ्यांदा आलं.

"माझ्यापाशी होताऽऽ! मी शिळीमकर मास्तरऽऽ! मी ठेवला होता त्याला शाळेतऽऽ! मी खोटं सांगितलंऽऽ!"

 साळूबाईंचं रडणं थांबलं होतं. मग पलीकडून एका बाईमाणसाचा आवाज आला, आणि त्याच्या वरच्या वाडीतून आणखी एक.

"आयकलंऽऽ!"